गोंगाटात रुजलेले गाणे

काही शब्दांचा अर्थ ठाऊक नसला तरी त्यांच्या उच्चारावरून त्यांची वस्ती कळते. ‘हाँकी-टाँक’ हा त्यांतलाच एक. खणखणीत, किंचित फुटका, सभ्य दिवाणखान्यात बसवून घेता न येणारा. अमेरिकेच्या दक्षिण व नैर्ऋत्य भागांतील हलक्या प्रतीच्या गुत्त्यांना हे नाव एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पडले. ते कोठून आले हे कोशकारांना आजवर सांगता आलेले नाही; आणि खरे म्हणजे असल्या शब्दाची वंशावळ सापडली असती तरच नवल. पुढे त्या गुत्त्यांत वाजणाऱ्या गाण्यालाही हेच नाव चिकटले. दिवाळीच्या फराळाशेजारी गुत्त्यातील गाण्यांची चर्चा मांडल्याबद्दल घरातील वडीलधाऱ्यांनी नाक मुरडू नये, एवढीच विनंती. या गाण्यांत दारू पुष्कळ आहे. दारूची तारीफ त्या मानाने फार थोडी.

अमेरिकेतील देशव्यापी दारूबंदी १९३३ च्या डिसेंबरात उठली. त्याच्या तीन वर्षे आधी, १९३० साली, पूर्व टेक्ससमध्ये तेलाचा प्रचंड साठा हाती लागला होता. मंदीने शेती बुडालेली, कापसाला भाव नाही. तेव्हा कालपर्यंत नांगर धरणारी माणसे तेलविहिरींवर मजुरीला लागली. आठवड्याच्या अखेरीस खिशात रोख पैसा, घर दूर, आणि संध्याकाळ रिकामी. दारूबंदी उठल्यावरही तेथील काही काउंट्यांनी आपापल्या हद्दीत ती चालूच ठेवली. म्हणून गुत्ते निघत ते हद्दीच्या रेषेवर, गावाबाहेर, हमरस्त्याच्या कडेला. फळ्यांच्या भिंती, वर पत्रा, मध्ये नाचण्यासाठी मोकळी ठेवलेली जमीन, आणि कोपऱ्यात ज्यूकबॉक्स. नाणे टाकले की गाणे वाजवणारी ही पेटी एके काळी मुंबईच्या इराणी हॉटेलांतही दिसे. जुन्या वाचकांना तिची ओळख करून देण्याची गरज नाही.

या गाण्याचा पहिला गुरू म्हणजे गोंगाट. तोवरचे ग्रामीण गाणे फिडल, बँजो आणि साध्या गिटारीवर चालत आले होते. ते घराच्या ओसरीवरचे, प्रार्थनामंदिरातले, फार तर शाळेच्या दिवाणखान्यातले गाणे. समोर ऐकणारे गप्प बसलेले आहेत हे त्याने गृहीत धरलेले होते. गुत्त्यात कोणीच गप्प बसत नाही. अर्नेस्ट टब या टेक्ससच्या गायकाला ज्यूकबॉक्स चालवणाऱ्यांनी सांगितले की, दुपारी तुमच्या तबकड्या ठीक वाजतात. पण संध्याकाळी गर्दी झाली की त्या ऐकूच येत नाहीत. टबने तक्रार मनावर घेतली. १९४१ सालच्या ‘वॉकिंग द फ्लोअर ओव्हर यू’ या त्याच्या तबकडीवर विजेवरची गिटार आहे. एकेक सुटा स्वर खणकन पाडणारी, बाटल्यांच्या आणि बुटांच्या आवाजातून वाट काढणारी. एका कारागिराने केलेली ही दुरुस्ती. पण तिने एका गानप्रकाराचा चेहरा ठरवला.

गोंगाटाने केवळ वाद्येच बदलली नाहीत, शब्दही बदलले. नाचणाऱ्यांच्या पायांना ठेका स्पष्ट मिळाला पाहिजे, म्हणून बास आणि पुढे ड्रम आला. (नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या प्रतिष्ठित रेडिओ-कार्यक्रमाच्या रंगमंचावर ड्रम कितीतरी वर्षे निषिद्ध मानला जाई, गुत्त्याची सावली नको म्हणून.) आणि शब्द असे हवेत की गलक्यात अर्धे हरवले तरी उरलेल्या अर्ध्यांवरून गोष्ट कळावी. तेव्हा उपमा-उत्प्रेक्षांना रजा मिळाली. दुःखाचे नाव पहिल्याच ओळीत सांगायचे, आणि ध्रुवपद असे बांधायचे की पेल्यात तोंड घातलेल्या माणसालाही ते घरी जाताना गुणगुणता यावे. १९३६ साली अल डेक्स्टरने ‘हाँकी टाँक ब्लूज’ नावाचे गाणे ध्वनिमुद्रित केले आणि गुत्त्याचे नाव गाण्याच्या माथ्यावर चढले. डेक्स्टर स्वतः पूर्व टेक्ससात गुत्ता चालवीत असे. गिऱ्हाईक काय ऐकते आणि काय ऐकत नाही, हे त्याला कोणी शिकवायला नको होते.

या वाद्यमेळातील सर्वांत लक्षणीय आवाज मात्र टेक्ससचा नव्हे. तो हवाई बेटांचा. गिटार आडवी ठेवून तारांवरून धातूची कांडी सरकवण्याची ही रीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे निघाली. जोझेफ केकुकू या तरुणाला तिचे श्रेय देतात. हा आवाज आपल्या कानांनाही परका नाही. व्हॅन शिप्लेने हिंदी चित्रपटांतील गाणी या गिटारीवर वाजवून घरोघर पोचवली, आणि ब्रिजभूषण काबरा यांनी तिच्यावर राग वाजवले. हरिप्रसाद चौरासिया व शिवकुमार शर्मा यांच्यासह केलेली त्यांची १९६७ ची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ज्यांच्या घरी आहे, त्यांना सरकत्या कांडीची मींड म्हणजे काय हे ठाऊक आहेच. एकच वाद्य दोन दिशांनी प्रवास करीत गेले आणि दोन्ही ठिकाणी त्याच्याकडून निराळे काम घेतले गेले, ही गोष्ट मला मोठी कुतूहलाची वाटते. आपल्याकडे मींड एका स्वरातून दुसऱ्या स्वराकडे जाते आणि वाटेतील श्रुतींचे दर्शन घडवते. अमेरिकेत या गिटारीला पायाने दाबायचे पेडल जोडले गेले. १९५४ साली वेब पीअर्सच्या ‘स्लोली’ या गाण्यात बड आयझॅक्सने ते वापरले, आणि पाहता पाहता सगळ्यांनी उचलले. पेडल दाबले की एक तार जागच्या जागी राहते आणि तिच्या शेजारची तार हळूच वर ओढली जाते. एक स्वर थांबलेला, दुसरा त्याच्यापासून दूर सरकणारा. ज्या गाण्यांचा विषय बहुधा सोडून गेलेले माणूस हाच असतो, त्यांना याहून चपखल साथ मिळाली नसती.

आता विषयाकडेच वळू. पूर्वीच्या ग्रामीण गाण्यांत म्हातारी आई होती, डोंगरातील झोपडी होती, देव होता, क्वचित एखादा खूनही होता. हाँकी-टाँकमध्ये आली ती मोडलेली लग्ने, चोरटी प्रेमे, रिकामे अंथरूण. खेडे सोडून तेलाच्या, मोटारींच्या, युद्धसामग्रीच्या कारखान्यांकडे गेलेल्या लाखो माणसांच्या घरांत जे घडत होते, पण प्रार्थनामंदिरात बोलता येत नव्हते, ते गुत्त्यात गाता येऊ लागले. आपल्याकडील तमाशाशी याची तुलना करण्याचा मोह होईल. तो आवरलेला बरा. लावणी आपला शृंगार नटवून, खुलवून मांडते, आणि तिची गंमतच त्यात असते. येथे नटवणे हाच गुन्हा. गाणारा जणू शेजारच्या खुर्चीवरून, मान वर न करता सांगतो आहे, असे वाटले पाहिजे.

या सांगण्याचा सर्वांत मोठा कलावंत हँक विल्यम्स. जन्म १९२३, अलाबामा. मृत्यू १ जानेवारी १९५३, मोटारीच्या मागच्या आसनावर, ओहायोतील कँटन गावच्या कार्यक्रमाला जात असता. वय २९. जन्मापासून पाठीच्या कण्याचे दुखणे, त्यावर दारू, त्यावर औषधे. १९५२ च्या ऑगस्टमध्ये ऑप्रीनेही त्याला काढून टाकले होते. एवढे सांगितले की बहुतेक लेखक त्याच्या आयुष्याचीच करुण कथा रंगवत बसतात आणि गाणी राहून जातात. प्रस्तुत लेखकाला त्यात अन्याय वाटतो. दारू पिऊन तरुणपणी मेलेली माणसे जगात थोडी नाहीत. ‘युअर चीटिन हार्ट’ लिहिणारा एकच झाला. २३ सप्टेंबर १९५२ च्या त्याच्या शेवटच्या ध्वनिमुद्रणातले हे गाणे. वरवर पाहता तो प्रतारणा केलेल्या स्त्रीला शाप आहे : तुझेच मन तुला छळील, तुला झोप लागणार नाही. पण ऐकताना लक्षात येते की या जागरणाची इतकी तपशीलवार माहिती गाणाऱ्याला असण्याचे कारण एकच, तो स्वतः जागाच आहे. ही गोष्ट तो शब्दांत कोठेही कबूल करीत नाही. ती त्याच्या आवाजातील चिरेतून कळते. कवितेत ज्याला आपण ध्वन्यर्थ म्हणतो तो असा शाळा अर्धवट सोडलेल्या माणसाच्या चार कडव्यांत येऊन बसलेला पाहिला की, आपल्या काही पांडित्यपूर्ण भावगीतांची आठवण होऊन गंमत वाटते.

१९४९ साली त्याने एकाकीपणावर जे गाणे केले, त्यात मात्र पक्षी, चंद्र, मध्यरात्रीची आगगाडी अशी निसर्गाची सामग्री आहे. आज ते त्याचे सर्वोत्तम गाणे म्हणून गणले जाते. पण तबकडीच्या पहिल्या बाजूला होते ते बादलीला भोक पडल्यामुळे बिअर मिळत नसल्याचे गाणे, आणि मागच्या बाजूला हे. गुत्त्याचा हिशेब असा होता. २०१० साली पुलित्झर समितीने विल्यम्सला मरणोत्तर विशेष सन्मान दिला, तेव्हा त्या मागच्या बाजूला न्याय मिळाला असे म्हणायचे.

या कथेतील एक पान नेहमी घाईने उलटले जाते. विल्यम्सला गिटार शिकवली ती रूफस पेन नावाच्या काळ्या रस्त्यावरच्या गवयाने. गावात त्याला ‘टी-टॉट’ म्हणत. आपले सारे संगीतशिक्षण त्याच्याकडून झाले, असे विल्यम्स मोकळेपणाने सांगे. पेन १९३९ साली वारला. शिष्याच्या गाण्यांवर ज्या गुत्त्यांत लोक नाचले, त्यांपैकी बहुतेकांत गुरूला पुढच्या दाराने प्रवेश मिळाला नसता. ब्लूजचा उसासा, बँजो, ठेक्यातील झोका हे सारे काळ्या गायक-वादकांकडून आले, आणि तरी दक्षिणेतील ही संगीतपेठ गोऱ्यांची म्हणून विकली गेली. दुःख सर्वांचे सारखे असते असे या गाण्यांबद्दल कौतुकाने म्हणतात. ते ऐकायला बसण्याची जागा सारखी नव्हती, हेही लगोलग म्हटले पाहिजे.

तसाच दुसरा हिशेब स्त्रियांचा. १९५२ साली हँक टॉम्प्सनचे ‘द वाइल्ड साइड ऑफ लाइफ’ हे गाणे पंधरा आठवडे यादीत पहिले होते. नायकाची बायको संसार टाकून गुत्त्याच्या झगमगाटात गेली, आणि असल्या बायकांना देवानेच घडवले की काय, असा त्याचा सवाल. सगळा दोष अर्थातच तिचा. या सवालाला लुईझियानातील जे. डी. मिलर याने गाण्यानेच उत्तर लिहिले. ते गायला आणलेली बाई बत्तीस वर्षांची, तीन मुलांची आई. गाण्यात काही जम बसत नाही म्हणून संसारात लक्ष घालावे अशा विचाराला आलेली. तिचे ध्वनिमुद्रणावरचे नाव किटी वेल्स. सव्वाशे डॉलर मिळतील तर मिळोत, एवढ्याच हिशेबाने ती उभी राहिली असे सांगतात. ३ मे १९५२ ला ते गाणे ध्वनिमुद्रित झाले. उत्तर साधे होते : ‘गुत्त्यातील अप्सरा’ देवाने घडवल्या नाहीत, लग्न होऊनही स्वतःला अविवाहित समजणाऱ्या पुरुषांनी घडवल्या. एनबीसी रेडिओने गाणे अनुचित ठरवून बंद केले, ऑप्रीनेही काही काळ ते गायला मना केली. लोकांनी मात्र ते पहिल्या क्रमांकावर नेले. ग्रामीण संगीताच्या त्या यादीत एकट्या स्त्रीने पहिले स्थान मिळवण्याची ती पहिलीच वेळ.

ऐकताना चकित करतो तो तिचा आवाज. त्यात त्वेष नाही, ठसका नाही. प्रार्थनेच्या वेळी मागच्या रांगेत उभ्या असलेल्या बाईचा असावा तसा सरळ, किंचित नाकातला, न हलणारा सूर. माझ्या मते सगळी शक्ती त्यात आहे. हे शब्द एखाद्या नखरेल गायिकेने गायले असते, तर पुरुषांनी टाळ्या वाजवून ते हसण्यावारी नेले असते. घरंदाज बाई सरळ उभी राहून बोलू लागली की हसायला जागा उरत नाही. आणि चाल? ती टॉम्प्सनच्याच गाण्याची. पण टॉम्प्सनचीही ती नव्हे. कार्टर कुटुंबाने १९२९ साली निळ्या डोळ्यांच्या प्रियकराच्या आठवणीचे गाणे याच चालीवर गायले होते. १९३६ साली रॉय ॲकफने एक भक्तिगीत याच चालीवर ध्वनिमुद्रित केले. विरह, भक्ती, आरोप आणि उत्तर, चारही एका चालीत. श्रोत्यांच्या कानात ती आधीच मुरलेली असल्यामुळे किटी वेल्सचा प्रतिवाद त्यांना ओळखीच्या दाराने घरात येताना दिसला. आपल्याकडे एकाच ओवीच्या चालीवर जात्यावरचे दुःखही चालते आणि विठ्ठलही. तेव्हा याचे मर्म मराठी वाचकाला फोड करून सांगायला नको.

तिच्यामागून केंटकीच्या खाणवस्तीतील लोरेटा लिन आली. तिची पहिली तबकडी, १९६० सालची, हाँकी-टाँकमधल्या मुलीवरच होती. पण १९६७ साली तिला पहिला क्रमांक मिळवून दिला तो झिंगून अपरात्री घरी येणाऱ्या नवऱ्याला दारातच अडवणाऱ्या गाण्याने. म्हणजे पंचवीस वर्षे जे गाणे गुत्त्यातून घराकडे पाहून उसासे टाकीत होते, त्याच्याकडे घराने प्रथम रोखून पाहिले.

येथे एक आक्षेप घेतला जातो आणि तो क्षुल्लक नाही. हे सगळे गळा काढणे आहे, आत्मकरुणेचा बाजार आहे. माणूस पितो, चुकतो, रडतो आणि पुन्हा पितो. यात कला ती काय? वाईट गाण्यांपुरता मी हा आक्षेप तत्काळ मान्य करतो, आणि वाईट गाणी ढिगांनी आहेत. पण चांगल्या गाण्यात शब्द रडत असताना ठेका रडत नाही. रे प्राइसचे १९५६ सालचे ‘क्रेझी आर्म्स’ घ्या. रॉक अँड रोलच्या लाटेत भल्याभल्यांचे पाय सुटत असताना हे गाणे वीस आठवडे पहिल्या जागी टिकले. शब्दांत प्रेयसी दुसऱ्याची झाली आहे. खाली बास मात्र चार मात्रांवर नेमाने चालतो आहे आणि ड्रम त्याला झोका देतो आहे. जोडपी त्यावर नाचतात. ज्या दुःखावर माणूस नाचू शकतो, त्या दुःखात तो पुरता बुडालेला नसतो. मन म्हणते बस, आणि पाय म्हणतात चल. गाणे या दोघांच्या भांडणात उभे असते आणि कोणाचीही बाजू घेत नाही. ही गाणी सांत्वन करीत नाहीत, उपदेश करीत नाहीत, सुधारण्याचे वचनही देत नाहीत. जे झाले ते असे झाले, एवढेच चारचौघांत मोठ्याने म्हणतात. मला वाटते, त्यांचे आयुष्य एवढे लांबले ते यामुळे.

गायकीच्या अंगाने पाहावे तर येथे चक्क घराणे आहे, फक्त गुरूच्या जागी तबकडी. लेफ्टी फ्रिझेल शब्दातला स्वर लांबवी, वाकवी, मुडपी. एका अक्षरात तीन वळणे घेई. १९५१ साली त्याची चार गाणी एकाच वेळी पहिल्या दहांत होती. त्याचे ऐकून टेक्ससचा जॉर्ज जोन्स आणि कॅलिफोर्नियाचा मर्ल हॅगर्ड तयार झाले. जोन्सचा स्वर खालून निघतो आणि नेमक्या जागेवर पोचण्याआधी क्षणभर अडखळतो. १९८० साली त्याने मरेपर्यंत एकीवरच प्रेम करणाऱ्या माणसाचे जे गाणे गायले, त्यातील गोष्ट कागदावर वाचली तर अतिरेकीच वाटते. त्या अडखळण्याने ती पटते. हॅगर्डचे आईबाप ओक्लाहोमातून बेकर्सफील्डकडे आलेले, घर म्हणजे रेल्वेचा जुना डबा. स्वतः तो सान क्वेंटिनचा तुरुंग पाहून आलेला. त्याच्या गाण्यातील गुत्ता हे मौजेचे ठिकाण नाहीच. जाण्यासारखी दुसरी जागा नसलेल्या माणसाचा तो पत्ता आहे.

टिकण्याबद्दल बोलायचे तर हे गाणे अनेकदा मेले असे जाहीर झाले. पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस नॅशव्हिलच्या निर्मात्यांनी फिडल आणि स्टील गिटार बाजूस सारून व्हायोलिनांचा ताफा आणि गोड कोरस आणला. त्यांतील एक प्रमुख ओवेन ब्रॅडली. किटी वेल्सच्या त्या गाण्यामागेही तोच होता. कलेतील पापपुण्याचे हिशेब असे सरळ नसतात. तेव्हा बेकर्सफील्डच्या ‘ब्लॅकबोर्ड’सारख्या गुत्त्यांत बक ओवेन्सची मंडळी टेलिकास्टर गिटारी कर्कश लावून वाजवीत राहिली. १९८० साली ‘अर्बन काउबॉय’ चित्रपटाने टेक्ससच्या पॅसाडिना येथील ‘गिलीज’ हा अवाढव्य गुत्ता जगप्रसिद्ध केला. त्यातील यांत्रिक बैलावर बसण्यासाठी शहरोशहरी रांगा लागल्या, आणि गाणे बैलाखाली गेले. १९८६ साली ड्वाइट योकमने जॉनी हॉर्टनचे तीस वर्षांपूर्वीचे ‘हाँकी टाँक मॅन’ नव्याने गाऊन ते पुन्हा वर काढले.

आज नॅशव्हिलच्या लोअर ब्रॉडवे रस्त्यावर या नावाची दुकाने ओळीने आहेत. कित्येकांवर नामांकित गायकांच्या पाट्या, मजल्यावर मजले, आणि विमानाने आलेल्या पाहुण्यांची झुंबड. टोप्या आणि बूट विकत मिळतात. हा आत्मा टिकला असे कोणी म्हणेल, तर टोप्यांकडे बोट दाखवून म्हणू नये. पण त्याच रस्त्यावर ‘रॉबर्ट्स वेस्टर्न वर्ल्ड’सारख्या एखाद्या ठिकाणी प्रेक्षकांनी बादलीत टाकलेल्या पैशांवर तासन् तास वाजवणारे वादकही आहेत, भिंतीशी बुटांचे जोड मांडलेले, स्टील गिटार जागेवर, आणि रे प्राइसचा तो चार मात्रांचा झोका शाबूत. त्यांचा गोंगाट तोच आहे आणि त्यावर त्यांचा उपायही तोच आहे.

अर्नेस्ट टबने १९४७ साली नॅशव्हिलमध्ये तबकड्यांचे दुकान काढले आणि शनिवारी मध्यरात्री तेथून नव्या गायकांना रेडिओवर गायला संधी दिली. तो १९८४ साली वारला. तरुणपणी त्याचे दैवत होते जिमी रॉजर्स. १९३३ साली क्षयाने गेलेल्या या गायकाची गिटार त्याच्या विधवेने टबच्या हाती दिली होती. त्या गिटारीच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत ‘आभार’ अशा अर्थाचा एकच इंग्रजी शब्द उलटा लिहिलेला होता. टबने आपल्या स्वतःच्या गिटारीच्या पाठीवरही तोच लिहून घेतला. गाणे संपले की तो गिटार उलटी करून वर धरी, म्हणजे शब्द सुलटा होई, आणि काही बोलण्याची गरज न पडता तो अगदी मागच्या भिंतीला टेकून उभ्या असलेल्या माणसालाही वाचता येई.